राबते हात (१४) : पत्रा धरायचा की सोडायचा?

यारीवर लिहीन म्हणालो होतो. विहिरीच्या काठावरची यारी, तिचा दोर आणि वाऱ्यानं झुलत वर येणारा भरलेला डबा हा विषय पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. कारण मधेच केज तालुक्यातून एका वाचकाचा फोन आला. पत्रे टाकायची कामं करणारा पस्तिशीतला माणूस. त्यानं एकच विचारलं, "सर, पत्रा अर्ध्यात असताना वावधान सुटलं, तर धरून बसायचं का सोडून द्यायचा?"

सोडायचा. फोनवर मी लगेच हेच सांगितलं, पण रात्री झोप लागेना. एवढ्या एका शब्दानं त्याचं भागणार नव्हतं.

आपल्या भागातली जुनी घरं माळवदाची. सागाच्या किंवा बाभळीच्या लाकडांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. त्या छपराला पाऊस छळायचा, गळती छळायची. वाऱ्याची काळजी मात्र कुणाला नव्हती, कारण ते वजनानंच बसलेलं असे. आता घर, गोठा, कडब्याचं शेड, सगळीकडे पत्रा आला. हलका, स्वस्त, दोन दिवसांत काम उरकणारा. माळवद घालणाऱ्यांना वाऱ्याचा हिशेब कधी करावाच लागला नव्हता, म्हणून तो पत्र्यावाल्यांपर्यंत वारशानं आलाही नाही.

हिशेब सोपा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद असा एक पत्रा घ्या. अर्धा मिलिमीटर जाडीचा असेल तर त्याचं वजन साधारण १४ किलो. ताशी ३६ किलोमीटरचा वारा या पत्र्यावर सपाट आदळला तर साधारण २० किलोचा रेटा देतो. वेग ५४ झाला की ४५ किलो, आणि ७२ ला ८० किलो. पत्रा धरणाऱ्या गड्याचं स्वतःचं वजन असतं पंचावन्न-साठ. तो उंचावर उभा, पायाखाली चार बोटं रुंदीचा पाइप, हातात शिडाएवढा पत्रा. अशा वेळी त्यानं पत्र्याला धरलंय असं म्हणण्यात अर्थ नाही, पत्र्यानंच त्याला धरलेलं असतं.

बालाघाटावर मांजरसुंबा-पाटोद्याच्या बाजूला पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यांची पाती क्रेननं वर चढवताना वारा सेकंदाला दहा-बारा मीटरच्या, म्हणजे ताशी चाळीसच्या आसपास गेला की काम थांबवतात. मोजायला यंत्र असतं, थांबवायचा अधिकार असलेला माणूस असतो, आणि उभ्या क्रेनचं भाडं चालू राहिलं तरी थांबतात. त्याच घाटावर त्याच वाऱ्यात गोठ्याचे पत्रे मात्र खांद्यावरून शिडीनं चढत असतात.

आपल्याकडे यंत्र नाही, पण डोळे आहेत. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफर्टनं १८०५ मध्ये वाऱ्याची ० ते १२ अशी श्रेणी बांधली. पुढे तिला जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या. धूळ आणि कागदाचे कपटे उठू लागले की ताशी २० ते २८. लहान झाडं डोलू लागली की २९ ते ३८. मोठ्या फांद्या हलू लागल्या, तारा शिट्टी घालू लागल्या की ३९ ते ४९. माझं मत स्पष्ट आहे : धूळ उठू लागली की लांब पत्रा वर न्यायचा नाही. लहान लिंबं डोलू लागली की माणसांनीही खाली उतरायचं. तारांच्या शिट्टीची वाट पाहणं म्हणजे फार उशीर.

ही नजर आपल्याला परकी नाही. खळ्यात वावडीवर उभं राहून उफणणाऱ्या माणसाला वारा किती आणि कुठून हे हातातल्या सुपावरून कळायचं. कमी असला तर भूस हलत नाही, जास्त झाला तर भुसाबरोबर दाणाही जातो. तो वाऱ्यासाठी थांबायचा आणि वाऱ्यामुळेही थांबायचा. मळणीयंत्र आलं आणि ही सवय गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वैशाखातला वारा आणखी वेगळा. आषाढातला वारा पश्चिमेकडून येतो, दिवसभर वाहतो, त्याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी पत्रे पूर्वेच्या टोकाकडून टाकत पश्चिमेकडे यावेत, म्हणजे सांध्याची उघडी कड वाऱ्याच्या तोंडाला येत नाही. वळवाला मात्र दिशा नसते. तापलेल्या जमिनीवर दुपारी ढग उंच चढतो, त्यातून पाऊस आणि गार हवा एकदम खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. पाऊस पोचायच्या आधी हा गार झोत पोचतो. बऱ्याचदा त्याच्या आधी वारं अगदी पडतं.

घाटावरच्या एका गावात मी हे पाहिलं आहे. गोठ्याचं शेड, दुपारचे दोन. सकाळपासूनचं वारं थांबलं, पान हलेना. मालक खूश, म्हणाला आता उरका. आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं दक्षिणेला काळवंडलेला ढग पाहिला, चिमूटभर माती हातातून सोडली, ती सरळ खाली पडली. "वारं पडलंय, उतरा," एवढंच म्हणाला. पोरं उतरली, उरलेली थप्पी दोरानं बांधली. अर्ध्या तासात झोत आला आणि दोनच स्क्रूंवर राहिलेला शेवटचा पत्रा वहीचं पान उलटावं तसा दुमडून पलीकडच्या वावरात गेला. त्या पत्र्यावर सकाळी दोघं बसले होते.

अर्धवट पक्का केलेला पत्रा मोकळ्या पत्र्याइतकाच घातकी. छपरावरून जाणारा वारा त्याला वर ओढतो, कडेला आणि कोपऱ्यात सगळ्यात जास्त. गोठ्याची एक बाजू उघडी असेल तर आतूनही रेटा येतो. म्हणून घेतलेला पत्रा पुरा पक्का केल्याशिवाय पुढचा उचलायचा नाही. पट्टा बांधायचा तो कैचीला, नुकत्या टाकलेल्या पत्र्याला नव्हे. शिडीचा माथा बांधायचा. पत्रा दोघांनी, कड वाऱ्याकडे करून, कमरेच्या खाली धरून न्यायचा. गडगडाट ऐकू आला की लोखंडावरून उतरायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही.

आणि पत्र्यावर दगड ठेवू नका. पत्रा उचलला गेला की तो दगड खाली झोपलेल्या माणसांवर पडतो. अशी बातमी दर उन्हाळ्यात कुठून तरी येतेच.

आता मूळ प्रश्न. झोत आलाच तर पत्रा सोडायचा, आणि तो सोडता यावा म्हणून खाली आधीपासून कुणी उभं नसलं पाहिजे. वारा ज्या बाजूला जातो ती बाजू तर सकाळीच मोकळी करायची. पोरं, जनावरं, मोटारसायकली, सगळं. पत्रा आणि छपराची कड यांच्या मधे कधीच उभं राहायचं नाही, कारण सुटलेला पत्रा आधी तिकडेच जातो.

त्या वाचकाला पुन्हा फोन करून हे सगळं सांगितल्यावर त्यानं विचारलं, "पण सर, गेलेल्या पत्र्याचे पैसे कोण देणार?" मग कळलं, तो धरून का बसतो. पत्रा वाकला की त्याच्या हजेरीतून कापतात. वाऱ्याचा झोत यायला आणि हात सुटायला एक क्षण मिळतो, आणि त्या क्षणात त्याला किंमत आठवते.

म्हणून हा भाग मिस्त्र्यांइतकाच मालकांसाठी आहे. या उन्हाळ्यात तुमच्याकडे पत्र्याचं काम निघणार असेल, तर आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा पाहा. त्यात ताशी ३० ते ४० किलोमीटरचे सोसाट्याचे वारे लिहिलेले असतील तर काम सकाळीच उरका किंवा दिवस बदला. आणि सकाळी पहिला पत्रा उचलायच्या आधी सगळ्या गड्यांसमोर तोंडानं सांगा : वारं सुटलं तर पत्रा सोडा, त्याचे पैसे मी भरीन.