अंगाला कळते ते काय?

जुहूच्या आमच्या घरी आईच्या पायाची जखम काही महिने रोज धुवावी लागे. मधुमेहामुळे ती भरत नव्हती. एके दिवशी डॉक्टरांनी तिच्यावर कोलॅजेनचा पातळ पापुद्रा ठेवला. जखमेतला ओलावा शोषून तो जेलीसारखा मऊ झाला. तो जनावरांच्या कातडीपासून करतात, असे कळल्यावर आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण हे परके आहे, हे अंगाला कळणार नाही का?"

मी जीवशास्त्र शिकलेलो नाही. या प्रश्नामागे लागूनच मी वाचू लागलो.

ओहोटीला जुहूच्या वाळूत तारामासे दिसतात. अशाच एका तारामाशाच्या पारदर्शक अळीत १८८२ साली इटलीतल्या मेसिना येथे इल्या मेचनिकॉफ यांनी गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता. परक्या वस्तूला पेशी घेरतात, हे त्यातून उमगले. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिश यांच्यासह मिळाले. १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेणारे हाफकिन हे त्यांचेच विद्यार्थी.

आईच्या जखमेतही असाच गराडा पडत होता. शरीरात ठेवलेल्या कोणत्याही पदार्थावर काही क्षणांतच रक्तातल्या प्रथिनांचा थर बसतो. पेशींना आधी भेटतो तो हा थर. पहिल्या एक-दोन दिवसांत न्यूट्रोफिल येतात, मागोमाग मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षक पेशी. या पेशी दाह वाढवतात, तशाच पुढे दाह शमवून नवी ऊती उभारायलाही मदत करतात. वस्तू गिळता येण्याजोगी नसली, तर अनेक महाभक्षक एकमेकांत मिसळून राक्षसी पेशी बनतात आणि वस्तूभोवती तंतुमय कवच तयार होते. मधुमेही जखमेत त्या बहुधा दाहाच्याच भूमिकेत अडकून राहतात.

हायड्रोजेल म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारे रेणूंचे जाळे. ते कोलॅजेन किंवा जिलेटिनचे असेल, तर पेशी आपल्या विकरांनी ते कातरू शकतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवी ऊती वाढते. जाळे फार लवकर विरघळले तर ऊतीला आधार उरत नाही. विरघळलेच नाही तर कवच जाड होत जाते. म्हणजे पदार्थ कशाचा, याइतकेच तो किती मऊ, किती सच्छिद्र आणि किती दिवस टिकणारा, हेही ठरवावे लागते.

रेशमाचे उदाहरण बोलके आहे. रेशमाच्या धाग्यात आत फायब्रॉइन आणि त्याभोवती सेरिसिन हा डिंक असतो. पूर्वी डिंक न काढलेल्या रेशमाने टाके घालत, तेव्हा काही रुग्णांना ॲलर्जी होई. दोष सेरिसिनवर गेला. पुढे प्रयोगशाळेत दिसले, की एकटे सेरिसिन महाभक्षकांना फारसे चेतवत नाही. त्रास दोन्ही एकत्र असताना होतो. आता गरम सोड्याच्या पाण्यात डिंक काढून उरलेल्या फायब्रॉइनपासून जेल बनवतात. आपल्या गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर होणाऱ्या टसर रेशमाच्या फायब्रॉइनमध्ये तर पेशींना धरून बसता येईल असा तीन अमिनो आम्लांचा एक क्रमही असतो. तुतीच्या रेशमात तो नसतो.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. कातडी-हाडांपासून काढलेल्या जिलेटिनमध्ये जिवाणूंच्या आवरणाचे अंश, म्हणजे एंडोटॉक्सिन, राहून जाऊ शकतात. ते उकळूनही नष्ट होत नाहीत. अगदी थोडे असले तरी महाभक्षक चवताळतात आणि दोष मात्र प्रथिनावर येतो. म्हणून 'पूर्णपणे नैसर्गिक' या जाहिरातीतल्या शब्दांनी काहीच सिद्ध होत नाही. ते शुद्ध कसे केले, एंडोटॉक्सिन तपासले का आणि किती दिवसांत विरघळेल, हे विचारायला हवे.

आईची जखम पुढे भरली. त्याचे श्रेय एकट्या पापुद्र्याचे नाही. साखर आटोक्यात आली होती, पायावरचा भारही कमी केला होता. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी तिला दिले. अंगाला ते परके आहे हे कळले होते. पेशी धावूनही आल्या होत्या. आपल्याला त्यांना थांबवायचे नव्हते. त्यांचा दाह वेळेवर शमून त्या जखम भरण्याच्या कामाला लागाव्यात, एवढेच हवे होते.