नाव नव्हतं, पण दुकानात मिळत होती

क्यूची यादी आली की वर्तमानपत्रांची दोन दिवसांची सोय होते. लंडनच्या या वनस्पती उद्यानातले शास्त्रज्ञ वर्षभरात नाव मिळालेल्या वनस्पती आणि बुरशींमधून दहा निवडतात आणि आपण मथळा देतो, ‘नव्या प्रजातीचा शोध’. यातल्या ‘शोध’ या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. त्याला कारण एक पाकीट.

सुक्या पोर्चिनीचं पाकीट. पोर्चिनी ही इटालियन स्वयंपाकातली मानाची अळंबी, पण हा माल होता चीनचा. क्यूमधले ब्रिन डेंटिंजर आणि लॉरा सूझ यांनी लंडनच्या एका दुकानातून ते आणलं, त्यातले १५ तुकडे घेतले आणि डीएनए तपासला. तीन प्रजाती निघाल्या, आणि तिन्हींना शास्त्रात नाव नव्हतं! लोक वर्षानुवर्षं त्या सूपात घालून खात होते. २०१४ साली या संशोधकांनी शोधनिबंध लिहून तिघींचं बारसं केलं.

बारसंही झकास. चिनी भाषेत या गटातल्या अळंबीला ‘न्यु-गान’, म्हणजे गाईबैलाची कलेजी म्हणतात. तोच शब्द लॅटिन कुळनावापुढे बसवला. एक झाली बोलेटस बाईन्युगान, म्हणजे पांढरी कलेजी. दुसऱ्या नावात ‘चविष्ट’ आलं आणि तिसरीचं नाव शियोंग, म्हणजे सरळ ‘खाण्याजोगी’. बाजारातली भाषा शास्त्राच्या वहीत चढली. मग शोध कोणाचा? खाणाऱ्याचा, विकणाऱ्याचा, की नाव नोंदवणाऱ्याचा?

नोंदवणाऱ्याचं काम हलकं आहे, असं मात्र मुळीच नाही. आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे बुरशीचं फळ. खरं शरीर मातीत किंवा लाकडात तंतूंच्या जाळ्यासारखं पसरलेलं असतं. एकोणिसाव्या शतकात स्वीडनच्या एलियास फ्रीसने टोपी, तिच्याखालचे पापुद्रे, बीजाणूंचा रंग यांवरून अळंब्यांची घराणी लावून दिली. पुढे कळलं, की जुळ्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या दोघी प्रत्यक्षात दूरच्या नात्यातल्याही निघतात. २०१२मध्ये आयटीएस नावाचा डीएनएचा छोटा पट्टा बुरशींची ओळखखूण म्हणून स्वीकारला गेला. तोही सगळीकडे चालत नाही. काही गटांत सख्ख्या बहिणींचा पट्टा जवळपास सारखाच असतो. शिवाय ज्या सार्वजनिक संग्रहाशी तो ताडून पाहायचा, तिथे चुकीच्या नावाने जमा झालेल्या नोंदीही आहेत.

त्यामुळे कोणी ‘डीएनएवरून सिद्ध झालं’ म्हणालं, की मी विचारतो, नमुना कुठे ठेवलाय? प्रजातीला नाव द्यायचं तर एक नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो. उद्या शंका आली तर त्याच्याकडेच जायचं. २०१३पासून बुरशीच्या नव्या नावाला अधिकृत नोंदणी क्रमांकही लागतो. मातीत नुसता डीएनए सापडला, छत्री कोणी पाहिलीच नाही, तर त्या अक्षरमालेलाच नमुना मानावं का? २०१८मध्ये प्वेर्तो रिकोच्या जागतिक परिषदेत हा प्रस्ताव मतदानाला आला आणि पडला. माझ्या मते बरं झालं. ज्यांना घाई आहे त्यांचीही बाजू आहे म्हणा: जगात बुरशींच्या २५ लाख प्रजाती असाव्यात असा क्यूचा अंदाज आहे आणि नाव मिळालंय जेमतेम दीड लाखांना. पण ज्याला हात लावता येत नाही, ज्याचा वास घेता येत नाही, त्याचं बारसं कसलं करायचं?

पाकिटाची गोष्ट आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या अळंबीसाठी बाजारात झुंबड उडते. वाळवी तिची बुरशी वारुळात अक्षरशः शेती करून वाढवते. शास्त्राने या कुळाला टर्मिटोमायसिस हे नाव दिलं १९४२ साली, रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या हातून. आपल्या आज्यांनी तोवर कालवण करून कितीतरी पावसाळे काढले होते.

तेव्हा या पावसाळ्यात रानात अनोळखी अळंबी दिसली, तर तोंडात घालू नका आणि फोनमधल्या ॲपवर तर अजिबात विसंबू नका. फोटो काढायचा तर नुसता टोपीचा नको. टोपीखालचे पापुद्रे, देठ आणि देठाचा मातीतला बुंधासुद्धा दिसू द्या. जगातल्या सर्वांत घातक अळंब्यांपैकी काहींची खूण, पिशवीसारखं वेष्टन, तिथेच दडलेली असते. शेजारी कोणतं झाड आहे तेही टिपा. आणि बाजारात टोपली घेऊन बसलेल्या मावशी त्या अळंबीला काय म्हणतात ते विचारून, तारीख-गावासकट लिहून ठेवा.