आधुनिक सैन्यातील अपुरी साधनसामग्री व असुरक्षित बिनतारी संदेशवहन : रशिया-युक्रेन युद्धाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

कोणत्याही राष्ट्राच्या लष्करी सामर्थ्याचे मोजमाप करताना रणगाडे, विमाने व क्षेपणास्त्रे यांची संख्या प्रामुख्याने विचारात घेतली जाते. तथापि ही सर्व साधने एका उद्दिष्टासाठी एकत्र आणण्याचे कार्य संदेशवहन यंत्रणा करीत असते. ती दुबळी असेल तर संख्याबळ निरुपयोगी ठरते. आणि ती असुरक्षित असेल तर तेच संख्याबळ शत्रूचे लक्ष्य बनते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा जगातील अग्रगण्य लष्करी सत्तांमध्ये गणल्या जाणाऱ्या या सैन्याचे आदेश, तक्रारी आणि मदतीच्या याचना अनेक ठिकाणी उघडपणे ऐकू येत होत्या. प्रस्तुत लेखात या घटनेमागील तांत्रिक, प्रशासकीय व ऐतिहासिक कारणांचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. सुरक्षित संदेशवहनाचे स्वरूप :

साध्या बिनतारी संचातून बोललेला शब्द केवळ ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंतच जात नाही. तो सर्व दिशांना पसरतो. त्याच वारंवारितेवर संच लावणाऱ्या कोणालाही तो ऐकता येतो. यावर दोन प्रमुख उपाय आहेत. पहिला उपाय म्हणजे संभाषण कूटबद्ध करणे, जेणेकरून ते पकडले गेले तरी समजू नये. दुसरा म्हणजे प्रक्षेपणाची वारंवारिता अतिशय वेगाने बदलत ठेवणे, जेणेकरून ते पकडणे वा त्यात अडथळा आणणे अवघड व्हावे.

मात्र कूटबद्धतेमुळे आशय झाकला गेला तरी प्रक्षेपणाचे अस्तित्व झाकले जात नाही. दिशाशोधक यंत्रांच्या साहाय्याने दोन-तीन ठिकाणांहून दिशा मोजून संच कोठे आहे याचा अंदाज बांधता येतो. म्हणून कमी शक्तीने, कमी वेळ व ठिकाण बदलून बोलण्याची शिस्तही तितकीच आवश्यक असते.

येथे आणखी एक बाब महत्त्वाची आहे. कूटबद्ध संभाषणासाठी सर्व संचांमध्ये जुळणारी सांकेतिक किल्ली असावी लागते व ती ठरावीक काळाने बदलावी लागते. दहा संचांपैकी नऊ आधुनिक असले आणि एक जुना असला, तर त्या एकाशी बोलण्यासाठी उरलेल्या नऊ जणांनाही उघड संभाषणाचाच आश्रय घ्यावा लागतो. संदेशवहनाची सुरक्षितता ही सर्वोत्तम संचावर नव्हे, तर सर्वांत दुबळ्या संचावर अवलंबून असते.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी :

ही समस्या रशियन सैन्याला नवीन नाही. ऑगस्ट १९१४ मध्ये पूर्व प्रशियातील टॅनेनबर्गच्या लढाईत रशियाच्या दोन सैन्यांनी आपले अनेक आदेश बिनतारी यंत्रणेवरून साध्या भाषेत पाठविले. दूरध्वनीच्या तारांचा तुटवडा, प्रशिक्षित चालकांची कमतरता आणि सांकेतिक पुस्तिकांचे सदोष वाटप ही त्यामागील कारणे होती. जर्मन सेनापतींना हिंडेनबुर्ग व लुडेनडॉर्फ यांच्या नेतृत्वाखाली शत्रूच्या हालचाली आगाऊ कळत गेल्या. रशियाचे दुसरे सैन्य वेढले गेले, सुमारे ९०,००० सैनिक युद्धकैदी झाले आणि सेनापती सॅमसोनोव्ह यांनी आत्महत्या केली.

ऑगस्ट २००८ मधील जॉर्जियाविरुद्धचे युद्ध रशियाने पाच दिवसांत जिंकले. परंतु तेथेही लष्करी संच निकामी ठरल्यामुळे अधिकाऱ्यांना मोबाईल फोनवर विसंबून राहावे लागले. या अनुभवानंतर त्याच वर्षी संरक्षणमंत्री अनातोली सेर्दुकोव्ह यांच्या कार्यकाळात व्यापक लष्करी सुधारणांचा आरंभ झाला. संदेशवहनाचे आधुनिकीकरण हे त्यांतील एक प्रमुख उद्दिष्ट होते.

३. कागदावरील आधुनिकता :

या सुधारणांतून ‘अझार्त’ हा डिजिटल संच पुढे आला. कूटबद्ध संभाषण व वेगाने वारंवारिता बदलण्याची क्षमता ही त्याची वैशिष्ट्ये सांगितली जात. परंतु तो सर्व तुकड्यांपर्यंत पुरेशा संख्येने पोहोचला नाही. जुन्या ‘अक्वेदुक’ मालिकेतील व त्याहूनही जुन्या सोव्हिएतकालीन संचांबरोबर त्याचा वापर करावा लागल्यामुळे वर उल्लेखिलेली ‘दुबळ्या संचाची’ अडचण कायम राहिली.

यासोबत खरेदीतील भ्रष्टाचाराचाही विचार करणे क्रमप्राप्त आहे. रशियन सैन्याच्या संदेशवहन विभागाचे प्रमुख राहिलेल्या एका वरिष्ठ सेनाधिकाऱ्यास २०२० मध्ये आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपावरून अटक झाली व २०२५ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यास १७ वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. तरतूद झालेला निधी आणि सैनिकाच्या हाती पडलेले साधन यांत किती अंतर असू शकते, हे यावरून ध्यानात येते.

४. २०२२ मधील प्रत्यक्ष अनुभव :

आक्रमणाच्या पहिल्या आठवड्यांत अनेक रशियन तुकड्या साध्या संचांवरून उघडपणे बोलत होत्या. हौशी रेडिओप्रेमींनी ही संभाषणे ध्वनिमुद्रित केली, तर काहींनी त्याच वारंवारितेवर संगीत लावून त्यांत अडथळे आणले. कीव्हच्या पश्चिमेकडील माकारीव्ह परिसरातील अशा संभाषणांची छाननी करून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मार्च २०२२ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांत इंधन संपल्याच्या तक्रारी आणि हवाई मदतीची मागणी स्पष्टपणे ऐकू येते. गिर्यारोहक वा दुकानदार वापरतात तसे स्वस्त चिनी ‘बाओफेंग’ वॉकी-टॉकीही रशियन सैनिकांकडे आढळले.

अनेक तुकड्यांना मोहिमेची कल्पना अगदी अखेरच्या क्षणी देण्यात आली होती. वारंवारितांचे नियोजन व किल्ल्यांचे वाटप यांसाठी पूर्वतयारीचा काळ लागतो. त्यामुळे मोहिमेच्या अतिगुप्ततेनेच तिच्या संदेशवहनाची गुप्तता संपुष्टात आणली, असे म्हणण्यास आधार मिळतो. मोबाईल जाळ्यावर चालणारे सुरक्षित फोन हाही उपाय पुरेसा नव्हता. कारण मनोरे उद्ध्वस्त झाले की असे फोन निरुपयोगी होतात. परिणामी अनेक सैनिकांनी साध्या मोबाईलचा वापर केला आणि तो युक्रेनच्याच जाळ्यातून जात असल्यामुळे युक्रेनी यंत्रणांना सहज ऐकता आला.

या असुरक्षिततेचा परिणाम रणांगणापुरता मर्यादित राहिला नाही. बुचा येथील नागरिकांच्या हत्यांसंदर्भातील रेडिओ संभाषणे जर्मन गुप्तचर संस्थेने पकडल्याचे वृत्त एप्रिल २०२२ मध्ये ‘डेर श्पीगेल’ने दिले. उघड संभाषण हे अशा प्रकारे गुन्ह्याचा पुरावाही ठरू शकते.

५. अपुरी साधने व जबाबदारीचा प्रश्न :

सप्टेंबर २०२२ मध्ये रशियाने ३,००,००० राखीव सैनिकांना पाचारण केले, तेव्हा गणवेश, औषधोपचाराचे साहित्य व संरक्षक जाकिटे यांचाही तुटवडा उघड झाला. कुटुंबीय व स्वयंसेवी गट वर्गणी काढून वस्तू पाठवू लागले. त्यांत वॉकी-टॉकींना मोठी मागणी होती.

या पार्श्वभूमीवर माकीव्हका येथील घटना उद्बोधक आहे. १ जानेवारी २०२३ च्या मध्यरात्रीनंतर व्यावसायिक शिक्षण देणाऱ्या एका संस्थेच्या इमारतीत उतरलेल्या रशियन सैनिकांवर युक्रेनने अग्निबाणांचा मारा केला. रशियाने ८९ मृत्यू मान्य केले; युक्रेनचा दावा याहून कितीतरी अधिक होता. रशियन संरक्षण मंत्रालयाने सैनिकांचा मोबाईल वापर हे मुख्य कारण असल्याचे सांगितले. परंतु एवढे सैनिक एकाच इमारतीत कोणी ठेवले, असा प्रश्न रशियातील लष्करी भाष्यकारांनीच उपस्थित केला. शिस्तभंग हा सैनिकाचा दोष असू शकतो. निवासाची व्यवस्था व साधनांचा पुरवठा ही मात्र वरिष्ठांची जबाबदारी असते. पुरवठ्यातील उणीव शिस्तीच्या नावाखाली झाकली गेली, तर तिची किंमत सामान्य सैनिकाला दोनदा मोजावी लागते : एकदा जीव देऊन व दुसऱ्यांदा दोष स्वीकारून.

युक्रेनची स्थितीही प्रारंभी वेगळी नव्हती. २०१४ च्या संघर्षात त्यांचे सैनिकही मोबाईलवर विसंबून होते. मात्र पुढील आठ वर्षांत त्यांनी तुर्की व अमेरिकन बनावटीचे कूटबद्ध संच मिळविले. रशियन तुकड्यांनीही युद्ध लांबत गेले तसे डिजिटल संच वापरण्यास आरंभ केला. परंतु त्यांतील बरेचसे बाजारातून आणलेले चिनी संच होते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. प्रथम, संदेशवहनाची असुरक्षितता ही केवळ तंत्रज्ञानाच्या अभावातून उद्भवत नाही. वाटप, प्रशिक्षण व नियोजन यांतील दोषही तितकेच कारणीभूत असतात. १९१४ मधील सांकेतिक पुस्तिका आणि २०२२ मधील सांकेतिक किल्ली यांच्या बाबतीत मूळ दोष एकाच जातीचा आहे. दुसरे, मोजक्या तुकड्यांना दिलेली उत्कृष्ट साधने संपूर्ण सैन्याला आधुनिक बनवीत नाहीत. तिसरे, गुप्ततेच्या आवरणाखाली झालेली लष्करी खरेदी लेखापरीक्षणाच्या कक्षेबाहेर राहिली, तर तिच्यातील उणिवा युद्धभूमीवरच उघड होतात. संचलनात दिसणाऱ्या शस्त्रांपेक्षा अखेरच्या खंदकातील सैनिकाच्या हाती असलेला संच हाच सैन्याच्या आधुनिकतेचा खरा निकष मानावा लागेल.