पुस्तक स्वतः काढताना (लेखांक ६) : आतली पाने आधी, मुखपृष्ठ नंतर

पुस्तकाची मांडणी म्हणजे केवळ मुखपृष्ठ नव्हे. आकार, टंक, समास, ओळींमधले अंतर, मथळे, कागद आणि बांधणी हे सारे मांडणीत येते. प्रकाशनसंस्थेत ही कामे संपादक, मांडणीकार, चित्रकार आणि मुद्रितशोधक यांच्यात वाटलेली असतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा तालुक्यातील एखादे निवृत्त शिक्षक गावाचा इतिहास स्वखर्चाने छापतात किंवा एखादे कुलमंडळ कुलवृत्तांत काढते, तेव्हा हे सगळे निर्णय त्यांनाच घ्यावे लागतात. बहुतेकदा ते छापखान्यावर सोडून दिले जातात आणि वर्षानुवर्षे जमवलेला मजकूर दाटीवाटीच्या पानांत हरवतो.

हे टाळता येते, याचे ठळक उदाहरण मुंबईत १९७६ साली घडले. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि अरुण कोलटकर या कवींनी ‘क्लिअरिंग हाउस’ नावाने एकत्र येऊन आपले इंग्रजी कवितासंग्रह स्वतःच प्रकाशित केले. कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नामवंत ग्राफिक डिझायनर होते. त्यांचा ‘जेजुरी’ याच मालिकेत आला आणि १९७७ मध्ये त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. मांडणीची जाण असलेला माणूस प्रकाशकांमध्येच होता, हे या गटाचे मोठे बळ.

पहिला निर्णय आकाराचा. कथा-कादंबरीला आणि आठवणींना साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांचा डेमी आकार सोयीचा पडतो. नकाशे आणि तक्ते असतील तर मोठा आकार लागतो. छपाई बहुधा १६ पृष्ठांच्या फॉर्मने होत असल्याने एकूण पृष्ठसंख्या त्या पटीत बसवली की कागद वाया जात नाही.

दुसरा निर्णय टंकाचा. देवनागरीत वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार शिरोरेषेवर, तर उकार खाली येतात. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेला भिडतो. म्हणून १२ ते १४ पॉइंटच्या मजकुराला ओळींमध्ये मोकळी जागा हवी. जोडाक्षरे, ‘सुऱ्या’सारख्या शब्दातला ‘ऱ्य’ आणि मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ टंकात नीट उमटतात का, हे एक पान छापून पाहावे. जुन्या टंकातला मजकूर युनिकोडमध्ये आणल्यास तो पुन्हा अक्षरशः तपासावा लागतो.

कुलवृत्तांतात खरी कसोटी वंशावळीची. लांजा तालुक्यातील कोट हे झाशीच्या नेवाळकर घराण्याचे मूळ गाव. अशा पसरलेल्या घराण्याचा वंशवृक्ष समोरासमोरच्या दोन पानांवर कोंबला, तर नावे बारीक होतात आणि मधली काही बांधणीत गडप होतात. त्याऐवजी शाखावार तक्ते करावेत, प्रत्येक व्यक्तीला क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक चरित्रात वापरावा. शेवटची नामसूची पाने पक्की झाल्यावरच करावी, नाहीतर पृष्ठांक चुकतात.

मुखपृष्ठ शेवटी आखावे, याचे कारण कणा. त्याची जाडी पृष्ठसंख्या आणि कागद यांवर ठरते. ती कळण्याआधी मुखपृष्ठ केले तर कण्यावरचे नाव सरकते. वाचनालयाच्या कपाटात दिसतो तो कणाच. तेव्हा त्यावर पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव ठळक हवे.

कोकणातल्या पावसाळ्याचा विचार कागद निवडतानाच करावा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दमट हवेत कागद ओल धरतो आणि एकाच बाजूने लॅमिनेशन केलेले पातळ मुखपृष्ठ वळते. जाड मुखपृष्ठ आणि केवळ गोंदाऐवजी दोऱ्याने शिवलेली बांधणी हा खर्च जाड, संदर्भासाठी वारंवार उघडल्या जाणाऱ्या पुस्तकात सार्थकी लागतो.

पूर्ण छपाईआधी एक नमुनाप्रत त्याच कागदावर, त्याच बांधणीत करून घ्यावी. मजकुराशी संबंध नसलेल्या एखाद्या वाचकाने ती वाचावी. त्याला हवे ते नाव सापडते का आणि आतल्या समासाजवळची अक्षरे पान न ताणता वाचता येतात का, हे पाहूनच छपाईला परवानगी द्यावी.