सोळा टेराबाइट आणि तापीचं पाणी

घरात फोटो, लग्नाचे व्हिडिओ, साड्यांच्या डिझाइनच्या फायली साठत गेल्या की सुरतेतही प्रश्न तोच विचारला जातो: सगळ्यांत मोठी आणि भरवशाची हार्ड डिस्क कोणती? या प्रश्नातच गैरसमज दडलेला आहे. मोठी डिस्क जागा देते, सुरक्षितता नव्हे. सगळं एकाच 16 टेराबाइटच्या डिस्कवर ठेवलं तर ती बसताच सगळंच जातं. यावर नेहमीचा आक्षेप असा, की कंपनी तर दहा लाख तासांची हमी देते. दहा लाख तास म्हणजे 114 वर्षं, आणि पहिली हार्ड डिस्क आली 1956 मध्ये! तो आकडा एका डिस्कच्या आयुष्याचा नाही, हमीचा तर नाहीच. हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर सुमारे नऊ बिघडतील, एवढंच तो सांगतो. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्या लाखो डिस्कचा हिशोब जाहीर करते. 2023 मध्ये तिथे हे प्रमाण हजारी चौदाच्या आसपास होतं. आपली डिस्क त्या चौदांत आहे की नाही, हे कोणताही ब्रँड सांगू शकत नाही. बिघडण्याआधी इशारा मिळेल, ही आशाही फारशी खरी नाही. गूगलच्या 2007 च्या अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी 36 टक्क्यांहून अधिक डिस्कनी ‘स्मार्ट’ या स्वयंतपासणीत बिघाडाची एकही खूण दाखवली नव्हती. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय!

खरेदी करताना मात्र एक गोष्ट जरूर पाहावी. 16 टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये 14.55 दिसते, यात दुकानदाराची लबाडी नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या. खरा फरक माहिती लिहिण्याच्या पद्धतीत असतो. ‘एसएमआर’ डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. त्यामुळे जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढचीही उचलावी लागतात. एकदा लिहून कपाटात ठेवायच्या बॅकअपला अशी डिस्क चालते. अनेक डिस्क एकत्र राबवणाऱ्या, नेटवर्कला जोडलेल्या ‘नॅस’च्या पेटीत ती रखडते. 2020 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं ग्राहकांना आधी सांगितलंच नव्हतं, हे उघड झालं. तेव्हा नावावर न जाता मॉडेल क्रमांक तपासावा.

नॅसमध्ये दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिलं जातं, मग वेगळा बॅकअप कशाला, असंही विचारतात. त्याने एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहतं, इतकंच. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते, आणि दोन्ही डिस्क शेवटी एकाच पेटीत, एकाच घरात असतात. ऑगस्ट 2006 मध्ये तापीवरच्या उकाई धरणातून सुमारे 9 लाख क्युसेक पाणी सुटलं आणि सुरतेचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. तळमजल्यावरच्या एका कपाटात तीन प्रती असत्या तरी तिन्ही बुडाल्या असत्या. त्या अर्थाने ती एकच प्रत. पाचव्या मजल्यावर पूर पोचत नाही हे खरं, पण चोर, आग आणि विजेचा झटका पोचतात. क्लाउड हा चांगला पर्याय, पण 40 एमबीपीएसच्या वेगाने 4 टेराबाइट चढवायला सव्वानऊ दिवस अखंड लागतात, शिवाय भाडं कायमचं. म्हणून एका 16 टेराबाइटऐवजी आठ-आठच्या दोन डिस्क घेणं मला शहाणपणाचं वाटतं. जागा निम्मी, पण प्रती दोन. उधना, लिंबायत, डिंडोलीतल्या कितीतरी मराठी घरांचं गाव खानदेशात आहे आणि जाणंयेणंही चालूच असतं. दुसरी डिस्क तिथे ठेवावी आणि दर फेरीला अदलाबदल करावी. (तापी तिकडूनही वाहते, घर काठापासून लांबचं निवडा.) यंदाच्या पावसाळ्याआधी ती डिस्क गावी पाठवाच, आणि पाठवण्याआधी तिच्यातल्या चार-दोन फायली उघडून पाहा.