नाण्याचे मोल मुशीत

दिल्लीतल्या आर. के. पुरममध्ये ‘वेस्ट ब्लॉक’ नावाच्या सरकारी इमारती आहेत. त्यांतल्या दोन नंबरच्या ब्लॉकमध्ये सीमाशुल्क, अबकारी आणि सेवाकर अपील न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ बसते. १९८२ साली हे न्यायाधिकरण सुरू झाले तेव्हा त्याच्या नावात सेवाकर नव्हता, सोने होते. सुवर्णनियंत्रण कायद्याखालची अपिले याच न्यायाधिकरणापुढे चालत.

तो कायदा आज सांगूनही तरुणांना पटत नाही. चीनच्या युद्धानंतर परकीय चलनाची ओढाताण सुरू होती. मोरारजी देसाईंनी जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आणले आणि चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी केली. गावोगावचे सोनार बेकार झाले. १९६८ च्या कायद्याने सामान्य माणसाने घरात लगड ठेवणे गुन्हा ठरवले, नाण्यांवरही बंधने घातली. दागिना चालेल, साठा चालणार नाही, असा तो हट्ट होता. लोकांनी सोने सोडले नाहीच. फावले ते तस्करांचे. अखेर जून १९९० मध्ये हा कायदा रद्द झाला, तेव्हा अर्थमंत्री होते राजापूरचे खासदार मधु दंडवते. न्यायाधिकरणाच्या नावातले सोने मात्र २००३ पर्यंत टिकले. सरकारी पाट्यांना घाई नसते!

पुढे वारे इतके फिरले की नोव्हेंबर २०१५ मध्ये सरकारनेच अशोकचक्राचे सोन्याचे नाणे बाजारात आणले. धनत्रयोदशीला नाणे घेणे आता नोकरदारांच्या अंगवळणी पडले आहे, आणि आर. के. पुरम तर सरकारी क्वार्टर्सची वस्ती. ‘दागिन्यात घडणावळ जाते, नाण्यात काही जात नाही,’ हे वाक्य तिथेही ऐकू येते आणि पुण्यातही. ते अर्धेच खरे आहे.

हिशेब मांडून पाहा. सोन्याचा भाव शंभर धरा. नाण्यावर घडणावळ आणि पॅकिंगचे पाच टक्के लावले, असे समजू. झाले १०५. त्यावर तीन टक्के जीएसटी, म्हणजे १०८ रुपये १५ पैसे. त्याच दिवशी विकायला गेलात आणि सराफाने दोन टक्के घट धरली, तर हातात येतात ९८. भाव दहा टक्क्यांहून थोडा अधिक चढेल तेव्हा कुठे बरोबरी. बँकेतून घेतलेले नाणे तर बँक परत घेतच नाही.

जुनी गिनी या बाबतीत सरळ. वजन ७.९८ ग्रॅम, बावीस कॅरट, म्हणजे निव्वळ सोने सुमारे ७.३२ ग्रॅम. १९१८ मध्ये मुंबईच्या टांकसाळीतही गिन्या पडल्या आणि त्यांच्यावर ‘आय’ हे बारीक अक्षर आहे. अशी गिनी धातूच्या भावाने मोडण्याआधी नाणेसंग्राहकाला दाखवावी.

मोडलेले सोने शेवटी जाते कुठे? दिल्लीत चांदणी चौकातल्या कूचा महाजनीत किंवा करोल बागेत, आणि तिथल्या गलाईच्या दुकानात मालक बहुधा मराठी बोलतो. विटा, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ या दुष्काळी टापूतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या देशभरच्या सराफ बाजारांत सोने गाळत आली आहेत. मुशीत सोने टाकायचे, टाकणखार घालायचा, भट्टी हजार अंशांच्या वर न्यायची. १,०६४ अंशांना सोने वितळते, मळी वर येते, रस साच्यात ओतला की लगड तयार. मग टंच काढायचा, आता बहुतेक ठिकाणी यंत्रावर. अधिक शुद्ध करायचे तर तेजाब. गांधीजी, लक्ष्मी, राणी, काहीही छापलेले असो, मुशीतून बाहेर पडते ते फक्त वजन आणि टंच. सांगलीच्या पाऊस नसलेल्या गावांतून गेलेली ही माणसे देशाच्या सोन्याचा शेवटचा निवाडा करतात, आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकांत त्यांचा उल्लेखही सापडत नाही. हे मला अन्यायाचे वाटते.

तेव्हा यंदा नाणे घ्यायचेच असेल, तर सराफाला आधी विचारा, ‘हेच नाणे उद्या आणले तर काय भाव द्याल?’ उत्तर पावतीवर लिहून घ्या, सीलबंद पाकीट फोडू नका, आणि विकताना वितळवण्याची वेळ आलीच, तर वजन आणि टंच डोळ्यांसमोर करून घ्या.