आईच्या दुधात पाचकही असतं

"दूध पातळ आहे, बाळ चिरचिर करतं, जरा गाईचं पाजून पाहा." कमी वजनाचं बाळ जन्मलेल्या घरात हा सल्ला पहिल्या आठवड्यातच येतो. सांगणाऱ्या आजीचा हेतू वाईट नसतो. पण नवजात बाळाचं पोट मोठ्या माणसासारखं चालत नाही.

आईच्या दुधातली जवळपास निम्मी ऊर्जा स्निग्धांशातून, म्हणजे चरबीतून मिळते. चरबी जशीच्या तशी आतड्यातून अंगी लागत नाही, आधी तोडावी लागते. तोडणाऱ्या एन्झाइमला लायपेज म्हणतात. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर हा शब्द आहे. मोठ्या माणसात हे काम मुख्यतः स्वादुपिंडातलं लायपेज करतं. नवजात बाळाचं स्वादुपिंड ते फार थोडं बनवतं, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं त्याहून कमी. जठरातलं लायपेज थोडा हातभार लावतं. उरलेली तूट आई भरून काढते, कारण तिच्या दुधातच एक लायपेज असतं.

त्याचं जनुक, सीईएल, माणसाच्या नवव्या गुणसूत्रावर आहे. ते स्वादुपिंडात काम करतं आणि अंगावर पाजणाऱ्या बाईच्या स्तनातही. बाळाचं स्वादुपिंड तयार होईपर्यंत आईचं जनुक त्याच्यासाठी राबतं.

हे विकर म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, गुंडाळून गोळा झालेली. तिच्या एका खाचेत सेरिन, हिस्टिडिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल अशी तीन अमिनो आम्लं जवळ येतात आणि चरबी तिथे तुटते. स्वादुपिंडातल्या लायपेजमध्येही हेच त्रिकूट आहे. दुधातल्या लायपेजची गंमत अशी की पित्तातले क्षार मिळाल्याशिवाय ते कामाला लागत नाही. दुधात पित्त नसतं, म्हणून ते तिथे झोपून राहतं. बाळाच्या आतड्यात पित्त भेटलं की जागं होतं.

सगळेच सस्तन प्राणी पिल्लांना दूध पाजतात, पण हे विकर सगळ्यांच्या दुधात नाही. गोरिला, कुत्री, मांजर यांच्या दुधात ते सापडलं आहे, गाईच्या नाही. गाईच्या दुधात दुसरं एक लायपेज असतं, पण दूध उकळलं की तेही निकामी होतं. आणि गाईचं दूध न उकळता तर चालतच नाही. नेहमीच्या डब्याच्या पावडरमध्येही हे विकर नसतं.

म्हणून बाळ ओढत नसेल तर स्वच्छ हातांनी वाटीत दूध काढा, चमच्याने पाजा, पण उकळू नका. दूधपेढीत जंतू मारायला दूध 62.5 अंशांवर अर्धा तास ठेवतात, तेवढ्यानेही हे विकर जातं. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात काढलेलं दूध ठेवून देऊ नका, लगेच पाजा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995 पासून 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली. गावातल्याच बायका शिकल्या: बाळाला ऊब, आईचं दूध, जंतुसंसर्गावर औषध. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी होता. हे 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. यश एकट्या दुधाचं नव्हतं, पण दुधावाचूनही ते आलं नसतं.

पाजा म्हणणं सोपं आहे. रोवणीला किंवा तेंदूपत्त्याला गेलेली बाई बाळाला केव्हा पाजणार? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. आज पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे 5000 रुपये मिळतात. बुडालेल्या मजुरीपुढे ते थोडेच, तरी अर्ज जरूर करा, आणि पहिले सहा महिने तिला कामावर पाठवण्याआधी घरच्यांनी बसून हिशेब करा.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते. प्रत्येक वेळी वजन करायला सांगा. बाळाने ओढणं सोडलं, अंग गार लागलं, किंवा लघवी कमी झाली तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.